जवाहीर म्हणजे नक्की काय, आणि वाटणीपत्रातल्या "जडजवाहीर नग ७" या ओळीचं काय करायचं

प्रश्न थोडक्यात असा आहे. आजोबांच्या काळातलं वाटणीपत्र सापडलंय, त्यात सोन्याच्या हिशोबाखाली एक ओळ आहे, "जडजवाहीर नग ७, पैकी माणिक २ वजन रत्ती ९, पाच १, लसण्या १, मोती ३". विचारणाऱ्यांना कळत नाहीये की जवाहीर म्हणजे नेमकं काय, हा शब्द इंग्रजी ज्वेलवरून आलाय का, आणि नग सात असतील तर मध्येच "पाच" कशाला लिहिलंय, बेरीजच लागत नाही.

शेवटचं आधी सांगते, कारण ते सोपं आहे आणि वाचून मला जरा हसूही आलं. ते पाच म्हणजे आकडा नाही हो, पाच म्हणजे पाचू. जुने लोक पाचूला सरळ पाच म्हणायचे. माणिक दोन, पाचू एक, लसण्या एक, मोती तीन, झाले की सात. लिहिणाऱ्या कारकुनाची बेरीज चोख आहे.

आता बाकीचं. मी गेली २८ वर्षं खडे तपासायचं काम करते, सुरुवात झवेरी बाजारात एका शेठजींच्या पेढीवर झाली, त्यामुळे शब्दांचा नाद मला तिथनंच लागला, कारण आमच्या धंद्यात शब्द चुकला की पैसे जातात. भाषेची डिग्री माझ्याकडे नाही, पण हे शब्द रोज तोंडात असतात आणि त्यांच्यामागे बरंच वाचून झालंय.

ज्वेल आणि जवाहीर यांचा काडीचा संबंध नाही. ऐकायला सारखे वाटतात, ज आहे, व आहे, अर्थही तोच, त्यामुळे भल्याभल्यांची फसगत होते. ज्वेल इंग्रजीत जुन्या फ्रेंचमधनं आला आणि त्याचं मूळ लॅटिनमधल्या खेळ, मौज, आनंद अशा अर्थाच्या शब्दांकडे जातं. जवाहीर आला फारसी आणि अरबीच्या वाटेने. मूळ शब्द जुन्या इराणातला, गोहर. त्याचा अर्थ नुसता रत्न असा नव्हता, तर एखाद्या वस्तूचं सत्त्व, तिचा गाभा, माणसाच्या बाबतीत जातकुळी, असा सगळा पसारा त्यात होता आणि त्यातच रत्न हाही अर्थ होता. फारसी कवितेत तर गोहर म्हणजे बऱ्याचदा मोतीच. हा शब्द अरबांनी घेतला, त्यांच्या ग्रांथिक भाषेत ग हा उच्चार नाही म्हणून गोहरचा जौहर झाला. आणि गंमत बघा, अरब पंडितांनी ग्रीक तत्त्वज्ञान भाषांतरित केलं तेव्हा ॲरिस्टॉटलच्या "द्रव्य" या कल्पनेसाठी हाच शब्द वापरला, जौहर. म्हणजे बगदादमध्ये बसून जो शब्द पंडित लोक विश्वाच्या मूलतत्त्वासाठी वापरत होते तोच शब्द बाहेर बाजारात मोतीवाला मोत्यासाठी वापरत होता.

सत्त्व हा अर्थ आपल्याकडेही पोचलाय. पेपरात क्रिकेटच्या बातमीत "फलंदाजीचा जौहर दाखवला" असं वाचता ना, तो हाच जौहर, म्हणजे आतला कस बाहेर आला. जुन्या पोलादी तलवारींच्या पात्यावर पाण्याच्या लाटांसारखी जी नक्षी दिसते तिलाही जौहरच म्हणायचे, कारण पोलादाची जात त्या नक्षीवरनं ओळखायची. राजपूत स्त्रियांचा जौहर मात्र वेगळा शब्द आहे, त्याचं मूळ संस्कृत जतुगृह म्हणजे लाखेचं घर याच्याशी जोडतात. त्याची आणि याची गल्लत करू नका.

जौहर एकवचन. अरबीत त्याचं अनेकवचन जवाहिर. म्हणजे आपण मराठीत जवाहीर म्हणतो तेव्हाच "रत्नं" म्हणून झालेलं असतं. आणि उर्दूवाल्यांनी त्याला पुन्हा -आत लावून जवाहिरात केलं, म्हणजे अनेकवचनाचं अनेकवचन, आपण फळंफळं म्हणावं तसं. हसायचं कारण नाही, आपणही तेच करतो. अहवाल हा शब्द घ्या, ते अरबीत हाल या शब्दाचं अनेकवचन आहे, आणि आपण ऑफिसात बिनधास्त "अहवाल आला" म्हणतो, एकच.

जौहरचा व्यवहार करणारा तो जौहरी, हिंदीत जौहरी राहिला, जयपूरला जौहरी बाजार आहे, गुजरातीत त्याचा झवेरी झाला आणि मुंबईत झवेरी बाजार, मराठीत जवाहिऱ्या. शिवाजी महाराजांनी राजव्यवहारकोश करवून घेतला, दरबारातल्या फारसी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द दिले, बरेच रुजलेही, पण जवाहीर काही हटला नाही, पेशवाईच्या दफ्तरातही जवाहीरखाना आहेच. माझं मत असं की दरबारी शब्द हुकमाने बदलतात पण बाजारातला शब्द बदलायला दोन्ही बाजूच्या माणसांची तयारी लागते, आणि सौदा चालू असताना कोण शब्दकोश उघडतंय.

जडजवाहीर मधला "जड" म्हणजे वजनदार नाही. तो जडणे, जडाव यातला जड. दागिन्यात जडवलेलं आणि सुटं असं मिळून सगळं ते जडजवाहीर. तुमच्या कागदात मोतीसुद्धा जवाहिरात धरलेत ते बरोबरच आहे. मोती दगड नाही, शिंपल्यातल्या जिवाने बनवलेला असतो, पोवळंही समुद्रातल्या जिवाचंच, तरी दोन्ही नवरत्नांत बसतात. म्हणूनच जवाहीर म्हणजे "मौल्यवान दगड" हा शब्दकोशातला अर्थ मला अपुरा वाटतो. जवाहीर ही खनिजाची जात नाही, ती किंमत आहे. माणसांनी मिळून ठरवलेलं की ही वस्तू सत्त्वाची.

रत्न या शब्दाची कथाही तशीच आहे. ऋग्वेदाच्या पहिल्याच ऋचेत अग्नीला रत्नधातमम् म्हटलंय, पण तिथे रत्न म्हणजे माणिक-हिरे नाहीत, तिथे रत्न म्हणजे दान, धन, द्यायची चांगली वस्तू. देणे या अर्थाच्या रा धातूशी ते जोडतात. पुढे अर्थ "त्या त्या जातीतलं उत्तम" असा झाला, जातौ जातौ यदुत्कृष्टं तद्रत्नमभिधीयते असं वचनच आहे. म्हणून समुद्रमंथनातल्या चौदा रत्नांत घोडा आहे, हत्ती आहे, चंद्र आहे, वैद्य आहे, अगदी विषसुद्धा आहे. खडा म्हणावा असा त्यात एकच, कौस्तुभ. खड्यांना रत्न म्हणायची पद्धत इतकी पक्की झाली की कुणा सुभाषितकाराला चिडून लिहावं लागलं, पृथ्वीवर तीनच रत्नं, पाणी, अन्न आणि सुभाषित, मूर्ख लोक दगडाच्या तुकड्यांना रत्न म्हणतात, मूढैः पाषाणखण्डेषु रत्नसंज्ञा विधीयते. हा श्लोक शेठजींच्या गादीमागे फ्रेम करून लावलेला होता आणि त्याच्या खाली बसून ते दिवसभर पाषाणखंड विकायचे.

खरं सांगायचं तर काउंटरवर रत्नही कुणी म्हणत नाही आणि जवाहीरही नाही. गिऱ्हाईक म्हणतं "खडा". अंगठीतला खडा पडला, नथीचा खडा बदलायचाय, गुरुजींनी सव्वापाच रत्तीचा खडा सांगितलाय. तांदळात निघतो तोच शब्द, मीठ मोजायला वापरतो तोच शब्द, आणि मला तो सगळ्यात प्रामाणिक वाटतो, कारण त्यात काही दावा नाही. खडा आहे, कसला ते बघू.

आणि इथेच तुमच्या कागदाचा खरा प्रश्न येतो, कारण "माणिक २" लिहिलंय म्हणून ती दोन माणकं आहेत असं मी धरणार नाही.

माणिक हे माणिक्य, मणि वरनं. मणि म्हणजे मूळ गळ्यात-हातात बांधायचा मणी, ताईत, मंगळसूत्रातला काळा मणीही तोच शब्द. तेव्हा माणिक हे नाव रंग बघून, किंमत बघून दिलेलं. रसायन बघून नाव द्यायची पद्धत अगदी अलीकडची. पूर्वी लाल, पारदर्शक, तेजदार दिसला की तो माणिक, आणि त्यात निदान तीन वेगळी खनिजं एकत्र नांदत होती. खरं माणिक म्हणजे कोरंडम, त्यात क्रोमियम असल्यामुळे लाल. हे कोरंडम नाव परदेशी वाटतं ना, ते गेलंय आपल्याच दक्षिणेतनं, तमिळ कुरुंदम्, संस्कृत कुरुविंद, आणि मराठीत धार लावायच्या दगडाला कुरुंद म्हणतात तो हाच. म्हणजे राणीच्या मुकुटातलं माणिक आणि सुरी-कात्रीला धार लावणाऱ्याच्या चाकावरचा कुरुंद मुळात एकच खनिज, एक स्वच्छ आणि रंगीत, दुसरं मातकट. दुसरा लाल खडा स्पिनेल, त्याला फारसीत लाल म्हणायचे आणि तो अफगाणिस्तान-ताजिकिस्तानच्या बाजूच्या बदख्शानहून यायचा. तिसरा गार्नेट, आपला तामडा. ब्रिटिश राजमुकुटाच्या दर्शनी भागात जो ब्लॅक प्रिन्सेस रूबी म्हणून मिरवतो तो रूबी नाहीच, स्पिनेल आहे. राजेलोक शेकडो वर्षं चुकले तर तुमच्या आजोबांचा कारकून चुकला असेल यात नवल काय.

चुकायचं म्हणाल तर मीही चुकले आहे. पेढीवर पहिल्याच वर्षी एक अंगठी आली, गडद लाल खडा, आत स्वच्छ, मी भिंगातनं बघितलं, रंग बघितला आणि पुडीवर माणिक लिहून मोकळी झाले. शेठजींनी पुडी उघडली, काही बोलले नाहीत, टेबलाच्या खणातनं डायक्रोस्कोप काढून माझ्या हातात दिला. ही एक बोटाएवढी नळी असते, तिच्यातनं खडा बघितला की शेजारीशेजारी दोन चौकोन दिसतात. माणिक असेल तर नळी फिरवताना दोन चौकोनांत दोन रंग दिसतात, एकात जांभळट लाल, एकात नारिंगीकडे झुकलेला लाल, कारण माणकात शिरलेला प्रकाश दोन वाटांनी फुटतो. मी फिरवत राहिले, फिरवत राहिले, दोन्ही चौकोन तस्सेच. स्पिनेल होता. मग रिफ्रॅक्टोमीटरवर, म्हणजे खड्यात शिरताना प्रकाश किती वाकतो ते मोजणाऱ्या यंत्रावर ठेवला, आकडा १.७१८, माणकाचा १.७६ ते १.७७ येतो. पुडीवरचं अक्षर माझ्याच हाताने खोडावं लागलं. तेव्हापासून मी रंगावरनं नाव घेत नाही, अगदी कुणी कितीही गळ घातली तरी.

आणि एक शक्यता आहेच. वाटणीपत्र १९३०-४० च्या आसपासचं असेल तर ती माणकं कारखान्यातलीसुद्धा असू शकतात. व्हर्नॉय नावाच्या फ्रेंच माणसाने १९०२ मध्ये ज्योतीत पावडर वितळवून माणिक बनवायची पद्धत जाहीर केली आणि थोड्याच वर्षांत असा माल जगभर पसरला. जुना दागिना म्हणजे खडाही खाणीतलाच असणार, हा समज सोडून द्या. मी आजीच्या, पणजीच्या कितीतरी अंगठ्यांत असे खडे पाहिलेत. रसायन माणकाचंच, आकडाही माणकाचाच येतो, फरक आत असतो. भिंगाखाली ग्रामोफोनच्या तबकडीसारख्या वाकड्या रेषा दिसतात, कधी बारीक बुडबुडे. निसर्गात वाढलेल्या माणकात वाढीच्या रेषा सरळ असतात, कोनात वळतात, पण वाकत नाहीत. हे घरी सांगायची वेळ येते तेव्हा फार जपून बोलावं लागतं. एकदा एक बाई सासूबाईंची नथ घेऊन आल्या, मधला लाल खडा, मागून सगळं बंद. भिंगातनं बघितलं तर काच, आणि मागे चकचकीत पत्रा लावून रंग उठवलेला. त्यांनी शांतपणे विचारलं, "मग मोती तरी?" मोती खरे होते, जुने समुद्रातले, बारीक बारीक. त्यांनी नथ रुमालात गुंडाळली आणि म्हणाल्या, "सासूबाई मोत्यांचंच कौतुक सांगायच्या, खड्याबद्दल कधी काही बोलल्या नाहीत."

लसण्याचं पण ऐका, कारण शब्दांची सगळ्यात लांबची फेरी त्याच्या घरात झालीये. लसण्या म्हणजे मांजराच्या डोळ्यासारखी पट्टी सरकणारा खडा, रंग लसणाच्या पाकळीसारखा पिवळट-राखाडी म्हणून लसण्या. संस्कृतात त्याला वैडूर्य म्हणतात. पण जुन्या काळी वैडूर्य नावाखाली दुसराच खडा दक्षिणेतनं रोमन लोकांकडे जायचा, समुद्राच्या पाण्यासारख्या रंगाचा. पालीत वेळुरिय, ग्रीकांनी त्याचं बेरिल्लोस केलं, त्यावरून इंग्रजीत बेरिल. जर्मनीत चष्म्याला ब्रिले म्हणतात तेही याच बेरिलवरनं, कारण सुरुवातीची भिंगं अशा स्वच्छ स्फटिकांची करायचे. तिकडे अरबी-फारसीत त्याच शब्दाचा बिल्लौर झाला, अर्थ स्वच्छ स्फटिक, भारी काच, आणि तो परत फिरून मराठीत आला, बिलोरी. बिलोरी आरसा, बिलोरी हंड्या-झुंबरं. दक्षिणेतनं खडा म्हणून निघालेला शब्द दीड-दोन हजार वर्षं हिंडून आपल्याच माजघरात काच होऊन टांगला गेला.

आणि तुमचा तो पाच आहे ना, तो बेरिलच. पाचू हा बेरिलचा हिरवा प्रकार. म्हणजे वैडूर्याचं नाव खरं तर पाचूच्या खनिजाला लागलं, आणि आपण वैडूर्य म्हणतो तो लसण्या वेगळ्याच खनिजाचा, क्रायसोबेरिलचा, म्हणजे चांगला असेल तर, नाहीतर क्वार्ट्झचा. पाचूचं संस्कृत नाव मरकत, ते ग्रीक स्माराग्दोस, फारसी जुमुर्रुद आणि इंग्रजी एमराल्ड यांच्याच कुळातलं. पुष्कराजाबद्दल तुम्ही विचारलं नाही, पण सांगून ठेवते, तो पुष्पराग वरनं आलाय, पुष्कर तीर्थाशी त्याचा संबंध नाही, आणि पुष्कराज म्हणून टोपाझ गळ्यात मारण्याचे प्रकार बरेच चालतात. आपल्या बाजारात पुष्कराज म्हणजे पिवळा नीलम, कोरंडमच. टोपाझ वेगळा आणि बराच स्वस्त.

राहिली रत्ती. "वजन रत्ती ९" वरनं आजचं वजन काढायला जाल तर जपून. रत्ती म्हणजे रक्तिका, म्हणजे गुंज, ती लाल-काळी बी. सोनाराच्या हिशोबात आठ गुंजा म्हणजे एक मासा, बारा मासे म्हणजे तोळा, म्हणजे तोळ्याला ९६ गुंजा. तोळा ११.६६ ग्रॅमचा धरला तर एक गुंज साधारण ०.१२ ग्रॅम, कॅरेटमध्ये ०.६ च्या आसपास. पण खड्यांच्या बाजारात, विशेषतः राशीच्या खड्यांना, रत्ती साधारण ०.९१ कॅरेट धरतात. आता बघा, तुमची नऊ रत्ती सोनाराच्या गुंजेने साडेपाच कॅरेट होते आणि दुसऱ्या हिशोबाने आठ कॅरेटच्या वर जाते. दोन खड्यांत एवढा फरक म्हणजे चेष्टा नाही, कारण माणकाचा भाव कॅरेटमागे असतो आणि खडा मोठा झाला की तो कॅरेटमागचा भावही चढतो. कॅरेट हेही मुळात बीच आहे बरं का, कॅरोब नावाच्या झाडाच्या शेंगेतलं, ग्रीक केरातिओन, अरबी किरात, १९०७ मध्ये ते ०.२ ग्रॅम असं पक्कं ठरलं. मोत्यांना तर मुंबईत चव नावाचं निराळंच मोजमाप चालायचं, त्यात वजनाचा वर्ग करून किंमत काढायची, म्हणजे दुप्पट वजनाच्या मोत्याला चौपट चव.

तेव्हा आता करायचं एवढंच, सातही नग एखाद्या चांगल्या जेम टेस्टिंग लॅबमध्ये न्या आणि रिपोर्टवर खनिजाचं नाव मागा. नुसतं माणिक किंवा रूबी लिहून भागत नाही, नैसर्गिक की कृत्रिम, काही प्रक्रिया केलेली आहे का, हे लिहून घ्या, आणि मोत्यांचा एक्स-रे काढायला सांगा, कारण कल्चर मोती, म्हणजे माणसाने शिंपल्यात मुद्दाम वाढवलेला, आणि समुद्रात आपोआप झालेला मोती बाहेरून सारखाच दिसतो, फरक कळतो तो आतल्या केंद्रावरनं. खडे दागिन्यात बसवलेले असतील तर वजन अंदाजानेच येईल. त्यासाठी दागिना मोडू नका, कुणी सांगितलं तरी, निदान रिपोर्ट हातात येईपर्यंत. आणि लॅबमध्ये जाताना त्या वाटणीपत्राची झेरॉक्स न्या, मूळ कागद घरीच ठेवा.